धारोष्ण

"तितंच थांब! आत पाऊल टाकू नगंस."

आत्याबाईंनी शेळ्यांच्या वाडग्याची कुडाची ताटी आतून ओढून धरली आणि मी बाहेर उभी राहिले. आत बाणी शेळी पाय ताणून पडली होती. तिच्या शेपटीमागं ओल्या मातीत एक करडू होतं, अंगावर केसही न फुटलेलं. थंडी सुरू झाल्यापासून शेळ्या अशाच एकामागून एक गाभडत होत्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, ठकूबाई. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की माळावर भरकटलेलं कोकरू जागच्या जागी उभं राहावं. त्यांनी ते करडू फाटक्या पोत्यात गुंडाळलं, हात राखेनं चोळून धुतले आणि चांदी शेळीच्या बुडाशी तांब्या घेऊन बसल्या. चांदीनंही गाभ टाकला होता, पण तिचे दिवस भरत आले होते म्हणून तिला दूध उतरलं होतं. धार काढून झाल्यावर फेसानं भरलेला तांब्या त्यांनी ताटीवरून माझ्या हातात दिला.

"पी. धारोष्ण हाय, गार करू नगंस."

"मी आत यायचं न्हाय, आन् दूध तेवढं माझ्या पोटात जायचं. ह्यो कुठला न्याय, आत्याबाई?"

"दूध माझ्या नातवासाठी हाय. तुझ्यासाठी न्हाय. पी मुकाट."

मी प्यायले. गोड होतं, कोमट होतं, वरच्या ओठाला फेस लागला. मला तेव्हा सहावा लागला होता. अंगात बारीक ताप असायचा, मानेला हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या होत्या आणि गळून गेल्यासारखं वाटायचं. आत्याबाईंचं त्यावर एकच औषध होतं, आणखी एक तांब्या. त्या स्वतः बिनदुधाचा चहा पीत होत्या आणि मला धारोष्ण पाजत होत्या, हे मी विसरलेले नाही.

आमची वाडी माण तालुक्यातली, म्हसवडपासून आत. दिवाळी झाली की वाडीतले पुरुष मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्या वर्षी आमचे हेही गेले होते. मी पोटुशी म्हणून मागं राहिले, आत्याबाई, शेळ्या आणि वैरणीच्या माळ्यावर व्यालेली मांजर यांच्या सोबतीला. ती मांजर उंदीर मारते म्हणून वाडीत तिचं कौतुक होतं. कौतुक नव्हतं ते माझं.

कारण शेळ्या माझ्या सावलीनं गाभडत होत्या, असं ठरलं होतं. पोटुशी बाई गाभण जनावरात गेली की दोघींपैकी एकीचंच टिकतं, असा शोध दाजीबा मामांनी लावला होता. दाजीबा हे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे गेल्यापासून भावकीचा कारभार त्यांच्याकडे. माझं टिकलं आणि शेळ्यांचं गेलं, म्हणून मी गुन्हेगार! पाण्याला गेले की बायका आपल्या शेळ्या माझ्यापासून वळवून न्यायच्या. एकदा मी दाजीबा मामांना तोंडावर म्हणाले, "माझी सावली एवढी जड असती तर मामा, मी ती लांडग्यावर नसती का पाडली? शेळ्या तर माझ्याच घरच्या हायती." त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला तोंड होतं, आणि ते मिटून ठेवायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

चैत्रात मुलगी झाली. घरीच झाली, आत्याबाईंच्याच हातावर. पोरीनं पहिला टाहो फोडला तेव्हा त्या हसल्या, आणि नातवाची वाट पाहणाऱ्या त्याच तोंडानं म्हणाल्या, "आली बया माझी."

पण पोरगी पिवळी होती. बाकीच्यांची पिल्लं चार दिवसांत लाल होतात, हिचा हळदीचा रंग काही उतरेना. आणि तिचे डोळे. डावा डोळा उजव्याहून लहान होता, आणि त्यातली बाहुली थरथरत राहायची, पाण्यात दिवा दिसावा तशी. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत मी कंदील तिच्या तोंडासमोरून फिरवायची. उजवा डोळा थोडा तरी वळायचा. डावा आपल्या थरथरण्यात दंग.

"आत्याबाई, हिला दिसत न्हाय."

"गप. ल्हान लेकरं अशीच बघत्यात."

"तुम्ही पाच लेकरं वाढवलीत. एकाचा तरी डोळा असा थरथरत हुता का?"

त्यांनी काजळाची डबी घेतली आणि पोरीचे डोळे काजळानं भरून टाकले. नजर लागलीय म्हणाल्या. काजळाखाली बाहुली थरथरतच होती.

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी दाजीबा मामा चार माणसं घेऊन आमच्या अंगणात बसले. मी दाराआड पोरीला घेऊन. बाळंतिणीनं बाहेर यायचं नसतं, पण कान काही सोयरात बसत नाहीत.

"ठकू," दाजीबा म्हणाले, "जे शेरडांत शिरलं हुतं तेच पोरीत उतरलंय. आम्ही तवाच सांगत हुतो. आता एक कर. पोरीसकट हिला म्हायेरी धाड. बारसं तिकडंच करू दे. शेरडं नीट व्याली, समदं निवळलं, की बघू पुढचं पुढं."

बारसं तिकडं. म्हणजे पोरीचं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही, पाळणा या घरात हलायचा नाही.  माझं डोकं तापलं. मी पोरीला छातीशी धरलं, सोयर-सुतक सगळं उंबऱ्याआत ठेवलं आणि बाहेर आले. माणसं अंग चोरून मागं सरकली.

"बारसं हितंच होईल, मामा. ह्याच अंगणात, आन् तुमच्या डोळ्यांदेखत. पण आधी पोरीचे डोळे. मी मिरजेला चाललेय, मोठ्या दवाखान्यात."

"सव्वा महिना झाला न्हाय अजून! ओली बाळंतीण वेशीबाहेर पडतीया व्हय?"

"सव्वा महिन्यानं डोळे येणार असतील तर तसं सांगा, बसते घरात."

दाजीबा आत्याबाईंवर खेकसले. "तुझ्या सुनंला आवर, ठकू!" आत्याबाई खाली मान घालून जमिनीवरची काडी मोडत बसल्या होत्या. माझ्या बाजूनं एक शब्द नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दूध पाजणारी बाई माझ्यासाठी तोंड उघडेल एवढी आशा होती.

सकाळी मी म्हसवडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीत बसले. कमरेला पट्टा बांधलेला, डोक्याला कानटोपी, मांडीवर पोरगी. गाडी सुटायच्या बेतात असताना कुणीतरी पत्र्यावर थापा मारल्या. कंडक्टरला बाजूला सारून आत्याबाई आत शिरल्या. काखेत गाठोडं, हातात तेलाची बाटली. माझ्याशेजारी बसल्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझ्यासाठी आलेली न्हाय मी. पोरीची टाळू कोण भरणार तिकडं?"

मी त्यांच्या हातातली तेलाची बाटली घेतली आणि सांडू नये म्हणून मांडीशी धरली. 

दवाखान्यात आम्हाला मुजावर मॅडमकडे पाठवलं. लहान मुलांच्या डॉक्टर. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि बोलणं असं सावकाश की घाई असलेल्या माणसाला राग यावा. त्यांनी पोरीला उघडं केलं, पोट दाबून पाहिलं, डोक्याचा घेर टेपनं मोजला. काजळ पाहून नुसतं "हं" म्हणाल्या आणि कापसानं पुसून काढलं. मग डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायला लावली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. ते डोक्याला दिवा बांधून बराच वेळ पोरीच्या डोळ्यात वाकून बघत राहिले. पोरगी किंचाळत होती. आत्याबाई तिचे पाय धरून "झालं, झालं माझी बया" म्हणत होत्या.

दोघे डॉक्टर कोपऱ्यात काहीतरी बोलले. मग मुजावर मॅडम माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"घरी मांजर आहे?"

"हाय."

"दिवस असताना कधी ताप आला होता? मानेला गाठी?"

मी चमकले. "आल्या हुत्या. थंडीत."

"शेळ्या आहेत घरी?"

"हायत की."

"या वर्षी शेळ्या गाभडल्या का?"

मी ताडकन उठले. कमरेतून कळ गेली, तरी उठले. एवढा प्रवास करून, कोट घातलेल्या बाईच्या तोंडून तेच ऐकायचं!

"मॅडम, तुमी पण? माझी सावली मिरजेपर्यंत पोचली व्हय? गाभडल्या शेळ्या, बऱ्याच गाभडल्या! आन् मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं बी नव्हतं. द्या माझी पोरगी हिकडं!"

 मॅडमना काही उमगेना. तेव्हा आत्याबाईंनी हळू आवाजात सांगितलं, "गावात म्हंत्यात, हिच्या सावलीनं शेरडं गाभडली. म्हणून तापलीय."

"अहो, खाली बसा," मॅडम म्हणाल्या. "आणि नीट ऐका. तुम्ही गावात उलटं ऐकलंय. तुमच्यामुळे शेळ्यांना काही झालेलं नाही. शेळ्यांना जे झालं, तेच तुम्हाला झालं असावं, असा मला संशय आहे."

मी बसले.

त्यांनी सांगितलं ते मला आज पाठ आहे. एक जंतू असतो, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि वैरणीत, मातीत मिसळतो. शेळीच्या पोटात गेला तर शेळी आजारी दिसत नाही, पण गाभ टाकते. माणसाला झाला तर थोडा ताप, मानेला गाठी, की विषय संपला. मात्र बाई पोटुशी असली तर तो नाळेतून बाळाकडे जाऊ शकतो आणि त्याच्या डोळ्यात, मेंदूत ठाण मांडतो. पोरीच्या डाव्या डोळ्यात मागच्या पडद्यावर, अगदी मध्यावर, जखम दिसत होती.

"म्हंजी झालंच म्हणायचं का?" मी विचारलं.

"अजून म्हणायचं नाही. रक्त पाहू दे, तुमचंही आणि तिचंही. तुमच्या अंगात या जंतूशी लढणारे शिपाई तयार झाले असतील. त्यातले काही नाळेतून पोरीकडे जातात. म्हणून ते तिच्या रक्तात सापडले तरी काहीच सिद्ध होत नाही, ते तुमचेच असू शकतात. पण दुसऱ्या जातीचे शिपाई नाळ ओलांडत नाहीत. ते सापडले, तर ते तिनं स्वतः तयार केलेत. म्हणजे लढाई तिच्या अंगात चालू आहे." मग त्यांनी पोरीकडे पाहिलं. "एवढीशी आहे, पण लढत असेल तर आपण तिला कुमक पाठवू. औषध आहे यावर."

मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "शेळीचं दूध पीत होता ना? तापवून?"

 मी आत्याबाईंकडे पाहिलं नाही. मला ताटीवरून पुढं आलेला तांब्या दिसत होता. आणि सगळ्यांनी इतके महिने माझ्यावर जो ठपका ठेवला, तो माझ्यामुळं कुणा दुसऱ्या बाईवर यावा, हे मला नको होतं.

"व्हय," मी म्हणाले. "तापवून. चांगलं उकळून."

"न्हाय."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"खोटं बोलतीया ती. धारोष्ण पाजलं. मी पाजलं, माझ्या हातानं. गाभडलेल्या शेरडाचं. ती नगं म्हणायची, मी बळं पाजायची." त्यांचा आवाज माळावर कोकरू थांबवणारा राहिला नव्हता. "माझ्या नातीचा डोळा मीच खाल्ला का, बाई? सांगा. खरं सांगा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आजी, ते मला सांगता येणार नाही, आणि दुसरं कुणीही सांगू शकणार नाही. दुधातून झालं असेल, वैरण झाडताना झालं असेल, न धुतलेल्या भाजीतून झालं असेल. तुम्ही जीव लावून पाजलंत. हे तुम्हाला माहीत नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. आता माहीत झालंय. आता दूध उकळायचं, एवढंच."

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. मी उठून त्यांच्या मांडीवर पोरगी ठेवली. दुसरं काय करणार होते!

रक्त पुण्याला पाठवलं. निकाल येईपर्यंत आम्ही दवाखान्याच्या धर्मशाळेत राहिलो. डोक्याची सोनोग्राफी करताना पोरीच्या टाळूवर गार जेली लावली तेव्हा आत्याबाई तंत्रज्ञाला म्हणाल्या, "मी तेल घालते, तुमी ह्ये घालता. नीट पसरा, कानात जाऊ दिऊ नका." टाळूतून मेंदूत चुन्याचे बारीक ठिपके दिसले. पाणी साठलेलं नव्हतं, ही मोठी गोष्ट, असं मॅडम म्हणाल्या. आणि मग पुण्याहून निकाल आला. पोरीच्या रक्तात तिचे स्वतःचे शिपाई सापडले होते.

लढाई तिची होती तर. मला रडू आलं आणि त्याच दमात अभिमानही वाटला, काय सांगू. माझ्या बोटाएवढा हात असलेली पोरगी, कुणी बोलवलं नसताना एकटी लढत होती.

औषध वर्षभराचं होतं. गोळ्या कुटून माझ्या दुधात कालवायच्या, रक्त वरचेवर तपासायचं, डोळे पुन्हा पुन्हा दाखवायचे. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, डाव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही. उजवा राखायचा आणि मेंदू राखायचा. "आणि एक," त्या म्हणाल्या, "एकदा होऊन गेल्यावर पुढच्या बाळाला याची भीती नसते. तुमच्या पोटाला कुणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठवा."

आम्ही वाडीत परतलो तेव्हा आत्याबाईंनी पहिलं काम केलं ते तालुक्याहून ढोरांच्या डॉक्टरला आणायचं. त्यानं शेळ्यांचं रक्त नेलं. त्याचं उत्तर आलं, चांदीला तोच आजार होऊन गेला होता. उत्तर आलं त्याच दिवशी आत्याबाईंनी वाडीभर बारशाचं आवतण दिलं. मला विचारलंही नाही.

बारसं भर दुपारी, अंगणात. मांडव घालायचा नाही, माझी सावली सगळ्यांना दिसू दे, असं मीच सांगितलं होतं. पाळणा उन्हात टांगला, पोरीच्या तोंडावर फक्त माझ्या पदराचा आडोसा. बायका आल्या त्या कुतूहलानं. दाजीबा मामा आले ते मोडता घालायला.

"ठकू, मी सांगितलं हुतं, बारसं म्हायेरी."

"सांगितलं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा जुना आवाज परत आला होता, वाडीच्या टोकापर्यंत जाणारा. "आता मी सांगते, ते समद्यांनी ऐका. शेरडं हिच्या सावलीनं गाभडली न्हाईत. शेरडांना रोग हुता. वैरणीत मांजर घाण करतंय, त्यातनं आलेला. आन् त्या रोगट शेरडाचं कच्चं दूध मी, ह्या ठकूनं, माझ्या पोटुशी सुनंला पाजलं. हिनं शेरडांचं काय घालवलं न्हाय. आमच्या घरानं हिचं घालवलं. ज्याला बोट दाखवायचं त्यानं माझ्याकडं दाखवा."



"आन् भाऊजी," त्या दाजीबांकडे वळल्या, "तुमच्या धाकट्या सुनंला पाचवा लागलाय. सांजसकाळ तुमच्या घरनं तांब्या येतोय माझ्या वाडग्यात, धारोष्ण पायजे म्हणून. आजपास्नं उकळल्याबिगर थेंब पाजू नगा तिला. न्हायतर माझ्यागत बसाल भिंतीला टेकून."

दाजीबांच्या मागं उभी असलेली त्यांची सून. तिचा हात पोटावर गेला, तो मी पाहिला. दाजीबांनीही पाहिला. ते घोंगडीवर बसले. बसले, पण हार मानणारा माणूस नव्हे.

"बरं, उरका," ते म्हणाले. "नाव काय ठेवताय? लक्षीमी ठेवा, न्हायतर गंगू ठेवा. पोरगी आधीच एका डोळ्यानं अधू, नाव तरी चांगलं असू द्या."

आज ती पोरगी तालुक्याच्या शाळेत गणित शिकवते. डाव्या डोळ्यानं तिला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. उजव्यानं मात्र शेवटच्या बाकावरची कॉपी दिसते, असं तिच्या वर्गातली पोरं सांगतात. दाजीबांची सून धडधाकट मुलाची आई झाली. हे सगळं पुढं. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. समोर एवढंच होतं: उन्हातला पाळणा, आणि थंडीपासून मला पाहून शेळ्या वळवणाऱ्या बायका.

पाळण्याशी माझी नणंद फुलाबाई उभी होती. नाव कानात सांगायचा मान बाळाच्या आत्याचा. तिनं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, काय सांगू?"

"सावली," मी म्हणाले.

फुलाबाईचा चेहरा पडला. बायकांत कुजबुज झाली. दाजीबा अर्धे उठले. "अगं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"हाय, मामा. ज्या शब्दानं तुमी मला इतके म्हयने हाकललं, त्याच शब्दानं आता तुमाला हिला हाक मारावी लागंल."

फुलाबाई वाकेना. तिनं पाळण्याची दोरी हातात धरली होती आणि ती दाजीबांकडे, मग आईकडे बघत होती. कोकणातून यांचं अजून काही येणं नव्हतं. त्या नावाच्या बाजूनं उभं राहायला कुणीच दिसत नव्हतं, आणि मला त्याची सवय झाली होती.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर खांद्यावर ओढून कमरेला खोचला.

"सर बाजूला," त्या लेकीला म्हणाल्या.

त्या पाळण्यात वाकल्या. पोरीच्या तोंडावरचा पदर त्यांनी बाजूला केला, तिच्या कानाशी तोंड नेलं. नाव हळू सांगायचं असतं, बाळाला तेवढं ऐकू जाईल असं. आत्याबाईंनी ते अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं.